हातांनी जमलेला फुटबॉल

बोम्मसंद्रा, रविवार

ती. सोयराअक्काच्या पायांशी धाकट्या अभिराजचा नमस्कार (बसलेल्या आवाजात, पण मनापासून). बेळगावात थंडी पडली असेल. तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला गेला का? आम्ही इकडे सरी आहोत (म्हणजे ठीक, इथलं कानडी तोंडात बसलंय). आवाज तेवढा बसलाय, तो का बसला तेच लिहितो.

तुला ठाऊकच आहे, मी इथल्या मुलींच्या कॉलेजात खेळ शिकवतो. आमच्या फुटबॉल संघाने तीन वर्षांत एकही गोल केलेला नाही. एखादी मुलगी चांगली तयार झाली की रिंग रोडवरचं एक श्रीमंत कॉलेज तिला फुकट हॉस्टेल देऊन घेऊन जातं. यंदा आमची गोलकीपर वीणासुद्धा गेली (रडत गेली, पण गेली). उरलेल्यांतल्या सात जणी मुळात थ्रोबॉलच्या, म्हणजे आयुष्यभर चेंडू हातांनी फेकलेल्या. प्राचार्या महानंदा मॅडमनी शांतपणे सांगितलं, यंदा एक तरी गोल करा, नाहीतर संघ बंद आणि मैदानावर पार्किंग.

मग मी मोबाईलवर परदेशी सामने बघून डावपेच शोधायला लागलो. आधी छोट्या पासांचा खेळ शिकवला. पास छोटे झाले, पण सगळे समोरच्यांना गेले. मग सगळ्यांनी मिळून चेंडूवर तुटून पडायचं ठरलं. तुटून पडल्या, पण एकमेकींवर. शेवटी एकदा बाहेर गेलेला चेंडू श्वेताने डोक्यामागून दोन्ही हातांनी असा फेकला की तो अर्धं मैदान ओलांडून माझ्या छातीवर आदळला. मी खाली बसलो आणि बसल्या बसल्या डावपेच सुचला. पायाने खेळायचंच नाही. नऊ जणींनी आपल्या गोलपुढे उभं राहायचं, जमेल तेव्हा चेंडू समोरच्यांच्या पायाला लावून बाहेर घालवायचा, म्हणजे थ्रो आपला. तो श्वेता फेकणार, थेट त्यांच्या गोलकडे.

पहिलीच गाठ पडली ती त्या श्रीमंत कॉलेजशी, आणि गोलमध्ये आमचीच वीणा. मध्यंतरापर्यंत आमच्यावर तीन गोल चढले. त्यानंतर श्वेताचा पहिलाच थ्रो वीणाच्या डोक्यावरून सरळ जाळ्यात. मी शेजारच्या अनोळखी गृहस्थांना मिठी मारली (ते त्यांचे प्रशिक्षक निघाले). पंच मंजुनाथ जवळ येऊन हळूच म्हणाले, "सर, थ्रोवरून थेट गोल धरत नाहीत. मधे कुणाचा तरी स्पर्श व्हावा लागतो. नियम स्वल्प वाचा."

पंधरा वर्षं हा खेळ शिकवतोय गं अक्का.

शेवटच्या मिनिटाला पुन्हा थ्रो मिळाला. तिकडून त्यांचे प्रशिक्षक ओरडत होते, "वीणा, हात लावू नकोस, जाऊ दे." तिने जाऊ दिला असता तर काहीच झालं नसतं. पण वीणा उडाली, चेंडूला बोटं लागली आणि चेंडू आत. माझा आवाज बसला तो तिथेच, ओरडून. आम्ही पाच-एकने हरलो, आणि मुलींनी श्वेताला खांद्यावर घेऊन मैदानाला दोन फेऱ्या मारल्या. जिंकलेल्या बिचाऱ्या नुसत्या बघत राहिल्या. मॅडमनी तिथेच जाहीर केलं की पार्किंग दुसरीकडे होईल.

नंतर मी वीणाला विचारलं, "हात का लावलास गं?"

"सवय, सर," ती म्हणाली. "तुमच्याकडे प्रत्येक चेंडू मलाच अडवावा लागायचा." आणि श्वेताच्या गळ्यात पडली.

तेव्हा अक्का, माझी आता खात्री झाली आहे. नावाजलेले खेळाडू नसले तरी काही अडत नाही. डावपेच नीट निवडला की झालं.

तुझा,
अभिराज

ता. क. आपल्या संयोगिताची बारावी यंदा संपते ना? जिल्ह्याच्या संघात सर्वांत जास्त गोल तिचेच असतात असं ऐकतो. आमच्या कॉलेजचा प्रवेशअर्ज सोबत आहे, मी भरून ठेवलाय, तू फक्त सही कर. राहायला मामाचं घर आहे. रिंग रोडवाल्यांचा फोन आला तर उचलू नकोस.

ता. क. २. ती पायाने खेळते, हे मी मुलींना सांगितलं आहे. सांभाळून घेऊ म्हणाल्या.