लताच्या श्रद्धांजलीचा खुलासा

मु. पो. भडगाव

आदरणीय नवलनाना यांस,

धाकट्या मेहुण्याचा वाकून नमस्कार. आपली भगिनी, म्हणजे आमची लता, जिवंत आहे, हे सगळ्यात आधी लिहितो. तुमच्या गुडघ्याचं, वहिनींच्या साखरेचं कसं काय, हे फोनवरच विचारणार होतो. पण परवा तुम्ही आधी फोनवर हमसून हमसून रडलात, मग खरं कळल्यावर मला जे काय बोललात (आमच्या वडिलांचाही उद्धार झाला, ते असो) आणि नंतर माझा नंबर ब्लॉक केलात. म्हणून हा टपालखर्च.

लताच्या पित्ताशयात खडे आहेत हे तुम्हाला माहीत आहेच. ऑपरेशन विम्याच्या कार्डावर व्हायचं होतं. तेवढ्यात मुंबईत ते आरोग्य विमा सुधारणा विधेयक आलं आणि आमच्या इथे एकाच पक्षाची दोन तोंडं झाली. मोतीलालभाऊ विधेयकाच्या बाजूने, रवींद्रआबा विरोधात. आता तालुक्याला आमदारकीचं तिकीट एक आणि हे दोघे, त्यामुळे एकाने हो म्हटलं की दुसऱ्याला नाही म्हणावंच लागतं. विधेयक दोघांनीही वाचलेलं नाही. मी आबांना विचारलं, तर म्हणाले, वाचत बसलो तर विरोध कधी करणार? भाऊंना विचारलं, तर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढला. कार्डाच्या फॉर्मवर शिफारशीला भाऊंची सही हवी, ती ते विधेयक पास झाल्यावर देणार. आणि आबांचं म्हणणं, विधेयक पडेपर्यंत ऑपरेशन करू नका, फुकटात झालं तर आमच्या आंदोलनाचं काय? खडे बायकोच्या पोटात, पण हलवायची परवानगी पक्षाकडे!

मग आबांनी चौकात बॅनर लावला, 'अन्यायी विधेयकाने छळलेली आमची ताई'. फोटो लताचा, तुमच्या शिल्पाच्या लग्नातला. (तो आबांकडे कसा गेला, देव जाणे. कापताना शेजारी तुमचा अर्धा खांदा राहिला आहे, मी ओळखला.) फ्लेक्सवाल्याने घाईत सकाळच्याच एका बॅनरच्या फाइलमध्ये लताला बसवलं. तो बॅनर होता कुणाच्या तरी दहाव्याचा. त्यामुळे फोटोभोवती झेंडूचा हार, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि त्याखाली आबांचे बत्तीस कार्यकर्ते गॉगल घालून शोकाकुल. फोटो फिरत फिरत बोदवडपर्यंत गेला.

दुसऱ्या दिवशी बोदवडहून कुंदामावशी जीप भरून बाया घेऊन दारावर आल्या. आपल्या रिवाजाप्रमाणे गल्लीच्या तोंडापासूनच हेल काढायला सुरुवात. लता गच्चीवर बिबड्या वाळत घालत होती. तिला वाटलं, गल्लीत कुणीतरी गेलं. माणुसकी म्हणून तशीच पिठाच्या हातांनी खाली धावली, पदर तोंडाला लावला आणि मावशींच्या गळ्यात पडून मोठ्याने रडायला लागली. मावशींचे डोळे मिटलेले, हिचे पदरात. नाना, तुमची बहीण दहा मिनिटं स्वतःसाठी रडली, आणि सगळ्यांत मनापासून रडली. मग नाक पुसून विचारते, मावशी, गेलं कोण? मावशींनी डोळे उघडले आणि तिथेच बसल्या. त्यांना पाणी मारायला पुन्हा लताच धावली.

एवढं झाल्यावर माणसाने बॅनर उतरवला असता की नाही? छे! आबा म्हणाले, परवाना पाच दिवसांचा आहे, लतावहिनींना अधिवेशन संपेपर्यंत बाहेर दिसू देऊ नका. आणि भाऊ वाजतगाजत आले, लताला शाल पांघरली, पत्रकारांना म्हणाले, बघा, जिवंत आहे, हाच विधेयकाचा विजय! (विधेयक अजून पास झालेलं नाही. पत्रकारांनी चहा घेतला.) हे ऐकून आबाही शाल घेऊन धावत आले. चैत्रातल्या उन्हात दोन शाली घेऊन उभी असताना तिला कळ आली, नाना. अशी की ती उंबऱ्यातच दुमडली. दारात भाऊंची गाडी, आबांची गाडी, आणि दोघांची माणसं भांडताहेत की ताई कुणाच्या गाडीत बसणार. एक जण मला म्हणाला, दोन मिनिटं, कॅमेरावाला येतोय. मी नुसता उभा. शेवटी शेजारच्या बेबाबाईने रिक्षा बोलावली आणि तिला घेऊन गेली. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि सांगितलं, खडे अक्षय्य तृतीयेच्या, म्हणजे आपल्या आखाजीच्या आत काढा, नाहीतर जबाबदारी माझी नाही. नाना, त्या दिवशी मला माझी फार लाज वाटली.

बाकी सर्व ठीक. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुमचा,
प्रेमराज

ता. क. : लेकीबाळींना आखाजीला माहेरी न्यायचं असतंच. या वर्षी तुम्ही स्वतः मुऱ्हाळी म्हणून पंधरा दिवस आधी या. शिल्पा धुळ्याच्या दवाखान्यात सिस्टर आहे, तिथे ऑपरेशनला एक खाट मिळेलच. गाडीवर कुठलाही झेंडा नको.

ता. क. २ : मला यायला जमणार नाही. पंचायत समितीचं तिकीट भाऊंनीही कबूल केलंय आणि आबांनीही, त्यामुळे मी सध्या कुठेच दिसलेलं बरं नाही. हे लताला बोलू नका.

(मागच्या बाजूला, वेगळ्या अक्षरात)

नाना, मी लता. पाकीट चिटकाडाले मनाकडे दिधं, म्हनीसन वाचं. बठ्ठं खरं शे, फक्त फोटो आबाले कोनी दिधा ते लिखेल नई. यासनीच दिधा. तू आखाजीनी वाट दखू नको, उद्याच ये, माले ली जाय. यासले आठेच राहू दे. दोन शाली शेतस, पांघरीसन बसतीन.