वॉरन डेल्मार पितो म्हणे

हॉलिवूड,
६ ऑक्टोबर १९५२

प्रिय इंगाताई,

पत्र मिळालं. तुझा गुडघा आता बरा असेल आणि सरोवरावरचा वारा अजून घरात शिरला नसेल असं धरून चालतो. इथे थंडीचा पत्ता नाही. आम्ही नवराबायको ठीक आहोत. कोराने मागच्या अंगणात लिंबाचं झाड लावलंय. माझ्यापेक्षा त्याच्याशीच जास्त बोलते.

तू रागावलीस ते बरोबरच आहे. 'आपल्या घरात कोणी थेंबाला शिवलं नाही आणि तुझं असं पेपरात यावं? चर्चमधून निघताना मला मान वर करता आली नाही,' हे तुझं वाक्य मी पुन्हापुन्हा वाचलं. त्या सदरवाल्या बाईंनी माझं 'वॉरन डेल्मार' हे पडद्यावरचं नाव छापलेलं नाही. पण 'पडद्यावर न्यायाधीश शोभणारे एक गृहस्थ हल्ली सेटवर झिंगून येतात' असं लिहिल्यावर दुसरं कोण उरतं?

होते थोडी अधूनमधून, ताई. कामाचा ताण असतो. सोडीन.

नव्या चित्रपटात मी वकील आहे. नायिका व्हेरा लॉमॅक्स आहे, तिच्यावर नवऱ्याला विष घातल्याचा आरोप आहे आणि मी तिला सोडवतो. शेवटी ज्यूरीपुढे माझं लांबलचक भाषण आहे, मध्ये कॅमेरा न थांबवता घ्यायचं. फेनर म्हणून तरुण दिग्दर्शक आहे, त्याचा हट्ट. गंमत बघ. मूकपटांच्या दिवसांत मी नुसता घोड्यावरून पडायचो. बोलपट आले, भलेभले नट घरी बसले आणि मी आवाजावर तरलो. नायक झालो, मग नायिकांचा बाप, आता न्यायाधीश नाहीतर वकील. आता मला बोलण्यासाठीच बोलावतात.

कोराने मागच्या अंगणात लिंबाचं झाड लावलंय. फार बोलते त्याच्याशी.

सहज एक विचारायचं होतं. बाबांचं ते नेमकं कसं सुरू झालं होतं? तेव्हा तू सविस्तर लिहायचीस, पण आता लक्षात नाही. घाई नाही.

तुझा,
नील्स


हॉलिवूड,
२९ ऑक्टोबर १९५२

प्रिय ताई,

तुझं उत्तर दोन ओळींचं. 'लिंबाचं झाड दोनदा का लिहिलंस? आणि बाबांचं का विचारतोस?' खाली सहीसुद्धा नाही. शाळेत शिकवत होतीस तेव्हापासून तुला गोलगोल उत्तरं चालत नाहीत. म्हणून सरळ लिहितो. बसून वाच.

मी दारू पीत नाही. कधीच प्यायलो नाही.

उन्हाळ्यात एकदा स्टुडिओच्या खानावळीत व्हेरा समोर येऊन बसली आणि मला तिचं नाव आठवेना. जिच्याबरोबर उमेदीची सगळी वर्षं काम केलं ती बाई. मी 'राणीसरकार, या' म्हणून वेळ मारून नेली. ती हसली. पुढे सेटवर एका साध्या वाक्याला अडलो. वाक्य विसरणं नवं नाही, सगळेच विसरतात. पण मला आपण कोणत्या खोलीत उभे आहोत तेच कळेना. फेनर जवळ आला आणि हळूच म्हणाला, "काल जरा जास्त झाली का?"

मी म्हटलं, "हो."

किती सोपं होतं ते, ताई. त्याने माझ्या पाठीवर थाप मारली, कॉफी मागवली, सगळे थांबले. पिणाऱ्या नटाला इथे सांभाळून घेतात. डोकं दगा देत असलेल्याला चित्रपटाचे विमावाले कॅमेऱ्यापुढे उभंही राहू देत नाहीत. चित्रपट अर्ध्यात बंद पडला असता आणि व्हेराही रस्त्यावर आली असती. किती वर्षांनी तिला हे काम मिळालं होतं.

मग मी व्हिस्कीची बाटली आणून ठेवली. सकाळी त्या व्हिस्कीने चूळ भरायची, दोन थेंब कोटावर शिंपडायचे, चालताना थोडा तोल घालवायचा. चव इतकी घाण असते की लोक का पितात कळत नाही. पण सोंग वठलं.

व्हेरा मात्र फसली नाही. एकदा मी पुन्हा अडलो तेव्हा तिने मुद्दाम बुटाची टाच मोडल्याचा आरडाओरडा करून काम थांबवलं आणि मला आपल्या खोलीत ओढून नेलं.

"कधीपासून चाललंय हे?"

"सोडणार आहे गं दारू."

"माझ्यापुढे नाटक करू नकोस. दारुड्यांबरोबर मी दोन संसार केलेत. दारुडा वास लपवतो, तू मिरवतोयस."

तिने माझी संवादाची पानं घेतली आणि म्हणाली, "म्हण पहिल्यापासून." त्या दिवसापासून रोज जेवणाच्या सुट्टीत ती माझ्याकडून पाठ करून घ्यायची. चुकलो की म्हणायची, "वकीलसाहेब, माझा जीव तुमच्या हातात आहे, नीट बोला."

कोराला बाटली सापडली. तिने ती टेबलावर ठेवली. "वॉरन, ही मी महिन्यापूर्वी पाहिली होती. जेमतेम दोन बोटं उतरलीय. रोज पिणाऱ्याची बाटली महिनाभर पुरते कशी?"

"दुसरी आहे."

"दाखव."

दाखवता येईना. मग सांगितलं सगळं. ती रडली नाही. उठली, खुंटीवरची गाडीची किल्ली काढली आणि एप्रनच्या खिशात टाकली. दुसऱ्या दिवशी मला पॅसाडिनाला डॉक्टरांकडे घेऊन गेली. तिथे जुनं नाव दिलं होतं. नर्सने 'नील्स' म्हणून हाक मारली तेव्हा मी लगेच उठलो. हल्ली 'वॉरन' म्हटल्यावर ओ द्यायला मला वेळ लागतो. डॉक्टरांनी खूप काही विचारलं. हे वाढत जाणार, एवढंच स्पष्ट सांगितलं.

गेल्या आठवड्यात भाषण झालं. आरोपीच्या खुर्चीत व्हेरा बसली होती. मी तिच्याकडे बघून सुरुवात केली आणि सगळं आलं, ताई. एक शब्द सुटला नाही. फेनरने 'कट' म्हटलं, प्रकाशवाल्यांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या.

मी मात्र ज्यूरीच्या बाकांकडे गेलो आणि पुढच्या माणसाला विचारलं, "तुमचा निकाल ठरला का? या बाईला घरी जायचंय."

सगळे हसले. त्यांना वाटलं, मी गंमत करतोय. बाकांवर खरी ज्यूरी नाही, नट बसलेत, हे मला कळलं ते त्या हसण्यामुळे. मग मीही हसलो. एक व्हेराच हसली नाही. तिने येऊन माझा हात धरला आणि बाहेर उन्हात नेलं.

परवा स्टुडिओच्या मालकांनी बोलावलं होतं. नवा करार होणार नाही. "विश्रांती घ्या, बाटली सोडा, मग बघू," म्हणाले. मी मान डोलावली. चित्रपट पुरा झालाय. लोकांना कळलं तर ते माझ्या चेहऱ्यावर विसरणंच शोधत बसतील, व्हेराचं काम कोणी बघणार नाही. म्हणून दारूची गोष्ट तशीच राहू दे. चर्चमध्ये कोणी काही बोललं तर खोटं बोल असं मी सांगत नाही, ते तुला जमायचं नाही. नुसती गप्प राहा. मला ठाऊक आहे, हे मागणं तुझ्यासाठी थोडं नाही.

आता बाबांचं लिही. आधी काय गेलं, मग काय गेलं, सगळं. मला भीती वाटते, पण माहीत नसल्याची जास्त वाटते. त्यांना शेवटी तुझा आवाज ओळखू यायचा का? काही न लपवता लिही.

आणि जमलं तर पत्र नको, तूच ये. बर्फ पडून गाड्या अडायच्या आत ये. कोरा स्टेशनवर येईल, मीही येईन. आज आलीस तर गर्दीत मी तुला लांबूनच ओळखीन.

तुझा धाकटा भाऊ,
नील्स