बुधवारची वडी

आवडी (चेन्नई), ६ डिसेंबर २०२४

ती. शर्मिष्ठाताईस, अर्चनाचा शि. सा. न. वि. वि.

फोन केला नाही, कारण क्वार्टरमध्ये या खोलीतलं त्या खोलीत ऐकू जातं. रेवा परवापासून दवाखान्यात आहे. उलट्या-जुलाबांनी पोर पार गळून गेली आहे. सलाइन चालू आहे, आणि माझ्या नातीच्या या दशेला मीच कारण आहे.

ऋचाला अंबत्तूरला कामावर सातच्या आत निघावं लागतं. म्हणून माझी ही सून रविवारीच पाव, अंडी, दूध, चीज यांचे थर ट्रेमध्ये लावून ओव्हनमध्ये भाजते. निवल्यावर वड्या पाडून, घट्ट झाकणाच्या डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवते. तीन-चार दिवसांत संपवायचं, लागेल तेवढीच वडी काढून आतपर्यंत कडकडीत गरम करायची, हे तिनं मला बजावलेलं. मंगळवारी पावसानं दिवसभर करंट नव्हता. ऋचानं कामावरून फोन करून डबा टाकायला सांगितला. मला मेलीला टाकवेना. टाकला म्हणून सांगितलं आणि मागे सरकवून ठेवला.

बुधवारी रेवाला द्यायला तोच काढला. अंडं मी खात नाही, त्यामुळे चव बघायचा प्रश्नच नव्हता. नुसता नाकाशी नेला. ताई, दोन वर्षांपूर्वीच्या त्या तापापासून मला कसलाच वास येत नाही. घरात कुणाला बोलले नाही, बोलले असते तर स्वयंपाकघर हातातून गेलं असतं. वडीवर बुळबुळीत तकाकी होती. मला वाटलं लोणी असेल.

ऋचाला वाटतंय, मंगळवारी सकाळची वडी बाधली, तिचंच भाजण्यात काही चुकलं. नोकरी सोडते म्हणते. मी गप्प आहे. मला फार भीती वाटते गं.

पाठीवर हात असू दे.
तुझी, अर्चना

सांगली, ११ डिसेंबर

चि. अर्चनास, ताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. लहानपणी दूध उतू घालवून मांजराचं नाव सांगायचीस, तेव्हा मी हसायचे. आता हसू येत नाही.

वास आला नाही, समजलं. पण टाकला म्हणून सांगितलंस, त्यात नाकाचा काय दोष? ती पोरगी तुझ्या खोट्यापायी नोकरी सोडायला निघाली आहे. हे पत्र मिळेल त्याच दिवशी तिला सांग. डॉक्टरांनाही खरा दिवस कळू दे.

रेवाला माझा पापा. तुझी काळजी आहेच.
ताई

आवडी, २० डिसेंबर

ती. ताईस, सा. न.

रेवा घरी आली. अंगात अजून जीव नाही, पण धोका टळला.

पत्र आलं त्याच संध्याकाळी ऋचाला सगळं सांगितलं. तिनं भांडायला हवं होतं, सोसलं असतं. तिनं एवढंच विचारलं की, गॅस गळला असता तर तुम्हाला कळलं असतं का. मी नाही म्हटलं. ती रडायला लागली. डॉक्टर म्हणाले होते, असं अन्न वास न येताही बाधतं. मी तेवढ्याचा आधार घ्यायला गेले, तर ती म्हणाली की, म्हणूनच तर टाकायला सांगितलं होतं.

नोकरी ती सोडत नाही. कुशल माझ्याशी कामापुरतं बोलतो. मुलगा आहे, त्याचाही राग खराच आहे.

काल मी रेवाला दूध दिलं. तिनं कप घेतला, आईकडे गेली आणि तिच्या नाकाशी धरला. ऋचानं मान हलवल्यावर मग प्यायली. मी तिथेच उभी होते.

हे वाचून माया आटवू नकोस.
तुझी, अर्चना