गाडीतली बाई आणि कर्जतचा रस्ता

१२ जानेवारी, रविवार
गाडी आली! जुनी आहे, पण पडद्यावर नकाशा आहे आणि आतली बाई रस्ता सांगते. आता कर्जतहून आईला इथे नगरला मीच आणणार. डोळ्याचं ऑपरेशन दोनदा टाळलंय तिनं. "एसटीत बसवत न्हाई," म्हणे. आता बघू काय कारण सांगते! वैजनाथ म्हणाले, "आधी सावेडीच्या बाहेर तर पड." नवरा आहे की हँडब्रेक!

१५ जानेवारी
ऑफिसातल्या सुनीलला विचारलं – बाईला कळतं कसं? म्हणाला, वरचे उपग्रह सारखी वेळ सांगत असतात. गाडी निदान चौघांचं ऐकते, कुणाचा निरोप किती उशिरा पोचला त्यावरून आपण कुठे ते काढते, मग नकाशावर वाट शोधते. निरोप तुटला तर काही गाड्या चाकांचे फेरे अन् वळणं मोजून अंदाज बांधतात. मला वाटायचं, वरून कुणीतरी बघतंय! "छे, त्यांना तुमचा पत्ताही नसतो." बरंच झालं. परवा खांबाला घासली, तेही नाही दिसलं.

१९ जानेवारी, रविवार
फजिती! 'कर्जत' दाबलं आणि बाईच्या हवाली झाले. रस्ता ओळखीचा वाटेना, पण म्हटलं, हिला जवळची वाट ठाऊक असेल. पोचले भाळवणीला – पारनेर तालुक्यात! टपरीवाले आजोबा पडदा बघून हसायलाच लागले. "ताई, ही तुमाला मुंबईकडच्या कर्जतला न्हेतीय. आपलं कर्जत पार त्या अंगाला!" माहेर माझं, आणि वाट विचारली यंत्राला! चहा प्यायले, परत फिरले.

२६ जानेवारी
आणलं आईला! एकटीनं! उसाच्या ट्रॉल्यांनी घाम फोडला. आई मात्र शेजारी निवांत. बाईच्या आधी हीच बोलायची – "आलं बघ मिरजगाव. दमानं घे, म्होरं वळण हाय." वीस वर्षं एसटीनं नगरला लसूण विकायला यायची, सगळा रस्ता पाठ! शेवटी बाईचा आवाजच बंद केला. इतकं हसलो दोघी!

२७ जानेवारी
तपासणी झाली. मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत, पार पिकलेला. ऑपरेशननंतर दिसेल म्हणाले डॉक्टर. पण वर्षभर तरी हिला उजेड-अंधारापलीकडे काही दिसत नसणार.
दवाखान्याच्या बाकावर रडले. "मग काल रस्ता कसा सांगत होतीस?"
"गाडीचं हादरं मोजत हुते. तू लई भ्याली हुतीस न्हवं."