फलकाचं एक टोक

२ मार्च, सोमवार

आजही ताईने फोन उचलला नाही. आता मीही करणार नाही. दरवेळी मीच का नमतं घ्यायचं? मागच्या आठवड्यात तिनेच निरोप ठेवला की निवांत असशील तेव्हा बोलू, महत्त्वाचं आहे. मी निवांत झालो तर हिचा पत्ता नाही. आईला विचारलं तर म्हणते, "तिला बरं नसतं. तू तुझं काम बघ." बघतोच आहे. दिवसभर गुडघ्यांवर. पाचव्या मजल्याच्या फरश्या बसवून झाल्या, आता सहावा.

३ मार्च

ताईचा मेसेज – 'फोटो पाहिला. छान आलाय.' बस्स, एवढंच. कुठला फोटो?

४ मार्च

कळलं कुठला. रेडिओने मोबाइलवर दाखवला, सगळीकडे फिरतोय. रेडिओ म्हणजे शेजारच्या खाटेवरचा रंगारी, झोपेतही बोलत असतो. फोटो परवाच्या रविवारच्या मोर्चाचा.

मुकादम माणसं पुरवतो. बांधकामाला तशीच मोर्चाला. जेवण आणि अर्ध्या दिवसाची मजुरी. पाण्यासाठीच्या मोर्चात गेलोय, भाडेवाढीच्या गेलोय. एकदा सकाळी एका पक्षाचा केला आणि दुपारी त्याच्या विरुद्ध पक्षाचा, टोप्या तेवढ्या बदलल्या. कशासाठी म्हणून कुणी विचारत नाही. मी उंच, म्हणून फलकाचं एक टोक कायम माझ्याकडे.

या वेळी फलकावर होतं – गर्भपाताची परवानगी रद्द करा. मी वाचलं होतं. चौथीपर्यंत का होईना, शिकलोय. स्टेजवरचे गृहस्थ म्हणाले, ज्याला अजून आवाज नाही त्याच्यासाठी आपण ओरडायचं. अंगावर काटा आला माझ्या. खरंच पटलं. मग ओरडलो. उभं राहायचे पैसे घेतले आणि ओरडलो फुकटात.

फोटोत तोंड एवढं उघडं आहे की दाढा मोजून घ्याव्यात.

७ मार्च

ताईने उचलला.

म्हणाली, "तुला सांगणार होते. तेवढ्यात तुझा फोटो आला."

तिला दिवस गेलेत. तिच्या धाकट्या मुलीच्या वेळी काय झालं ते मला माहीत आहे. रक्त थांबत नव्हतं, आई दवाखान्याच्या पायरीवर बसून होती. तेव्हाच डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, आता पुन्हा नको. आत्ताही त्याच म्हणतात, लवकर ठरवा, कायदा बदलला तर आमच्या हातात काही राहणार नाही. भावोजी म्हणतात डॉक्टर उगीच घाबरवतात, होऊ दे. ते काही बरोबर जाणार नाहीत. घरचं कुणीतरी सोबत लागतं. तिने मनात मला धरलं होतं. मला!

मी म्हटलं, "अगं, ते मजुरीचं होतं."

"मजुरीचं होतं तर ओरडत का होतास? बाकीचे बघ, शेंगा खात उभे आहेत."

गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. पण नाही. म्हणालो, "पण ताई, तोही जीवच ना?"

ती म्हणाली, "आणि मी?"

मग ठेवला फोन.

८ मार्च

दिवसभर झोपून होतो. झोप लागली नाही.

९ मार्च

जेवणाच्या सुट्टीत मुद्दाम विषय काढला. कुणीतरी म्हणावं, तुझं बरोबर आहे, एवढंच हवं होतं. रेडिओ लगेच सुरू. परवानगी दिली की लोक सोकावतात, पाप ते पाप, अमुक तमुक. वाळू वाहणारी मावशी ऐकत होती. म्हणाली, "तुमच्यात पोट आलंय कुणाला? मुकादमाला तेवढं, आणि तेही जेवणाचं." सगळे हसले. मीही हसलो. मग ती हळूच म्हणाली, "माझ्या सुनेला नको होतं. मी ठेवायला लावलं. नातू लाडका आहे माझा, त्याच्यासाठी जीव देईन. पण सून माझ्याशी बोलत नाही." मला तर अजूनही काही ठरवता येत नाही. मला वाटतं जीव असतो तो. आणि ताईही जगायला हवी. दोन्ही एका डोक्यात मावत नाही.

पण जायचं आहे मला. ते ठरलं.

१० मार्च

मुकादमाकडे सुट्टी मागितली. कशाला म्हणाला तर सांगितलं, आई आजारी आहे. ताईचं नाव घ्यायची लाज वाटली. कसली लाज? तिने काय केलंय?

मुकादम म्हणाला, "रविवारी परत मोर्चा आहे, मोठा. तुझ्या उंचीचं दुसरं कोण आहे माझ्याकडे? तेवढा कर आणि सोमवारी जा. नाहीतर कायमचाच जा."

बरं म्हणालो.

ताईला मेसेज केला – सोमवारी निघतो, थांब. का थांबायचं ते नाही लिहिलं. तिने वाचला. उत्तर नाही.

१३ मार्च

लादी कापताना दोनदा चुकलो. मिस्त्री म्हणाला, "लक्ष कुठाय नवरदेव?" दुसरी लादी घेतली.

१५ मार्च, रविवार

गेलो. तोच फलक, तेच टोक. तोंड घट्ट मिटून उभा राहिलो, जसं काही त्याने पाप अर्धं होणार होतं. समोरच्या फुटपाथवर दुसऱ्या बाजूच्या बायका उभ्या होत्या. त्यातली एक अगदी ताईसारखीच वाटली, पदर खोचलेला, कपाळाला आठी. माझ्याकडेच बघत होती. मी फलक थोडा वर धरला, तोंड झाकेल एवढा. मुकादम मागून म्हणाला, "शाबास, असाच उंच धर."

१६ मार्च

पिशवी भरून स्टँडवर आलो आणि आईचा फोन. "निघाला असशील तर परत फिर. शनिवारीच झालं सगळं. मी नेलं तिला."

आईने! मी तिच्यापासून लपवत होतो.

"डॉक्टरीणबाईंनी विचारलं, सोबत कोण? म्हटलं, आई. पुढे कुणी काही विचारलं नाही. तुझ्या भावोजींना सांगितलंय, भांडायचं तर माझ्याशी भांडा."

मी म्हटलं, येतो तरीही. म्हणाली, "नको रे. तू आलास की तिला तुझी समजूत घालत बसावं लागेल. पडून राहू दे तिला."

डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, दोन महिने ताईने कामावर जायचं नाही. तेवढ्या दिवसांचे आठ हजार पाठवतोय.