एका तळ्याचे तीन अभ्यासक

३ जून

स्वस्ति श्री! सकलचर्चासत्रमंडित, तळटीपकुलावतंस, अनुदानयाचनाप्रवीण, पर्यावरण-अर्थशास्त्र-विभागातील ज्येष्ठतम (परंतु प्रमुख नव्हे), वातानुकूलनजलाभिषिक्त अस्मादिक आजपासून इतिहासकार झाले!

संस्थेला पन्नास वर्षे झाली म्हणून ग्रंथ निघणार. त्यात आमच्या शास्त्राची वाटचाल मी लिहावी, असा विभागप्रमुखांचा आदेश. विभागप्रमुख म्हणजे माझाच माजी विद्यार्थी. वय कोवळे, बुद्धी अफाट, नम्रता असह्य. मनात मी त्याला बालबृहस्पती म्हणतो.

"सर, तुम्ही लिहा. मी मोजतो."

काय मोजतोस?

"सगळंच!"

'जलाभिषिक्त' हे बिरुद अक्षरशः घ्यावे. वरच्या मजल्यावरच्या व्यवस्थापन विभागाच्या एसीचे पाणी माझ्या मेजावर ठिबकते.

४ जून

सौभाग्यवतींना वार्ता निवेदन केली. तिने भाजी चिरता चिरता एवढेच विचारले, "बाबांचं नाव येईल ना हो त्यात?"

बाबा म्हणजे माझे श्वशुर. त्याआधी माझे गुरू. हा विषय या संस्थेत त्यांनी आणला. आता दृष्टी गेली आहे. आमच्याच घरी, खिडकीलगतच्या पलंगावर असतात.

"नाव? अगं, मंगलाचरणच त्यांचं!" — असे बोलून बसलो.

तिने आत जाऊन लगेच सांगितले. आता सुटका नाही.

८ जून

किळस!

बालबृहस्पतीने पन्नास वर्षांचे लेख यंत्रास भरवले. यंत्राने रंगीबेरंगी वर्तुळे ओकली. 'हवामान' हे वर्तुळ भोपळ्याएवढे, 'कर्ब' कलिंगडाएवढे. 'मासे' — मोहरी.

"बघा ना सर, विषय कसा सरकत गेला! आधी खाण, जंगल, मासेमारी. मग प्रदूषण. मग निसर्गाची किंमत. आता सगळं हवामान."

आणि बाबा?

"ते मोजणीत येत नाहीत, सर. त्यांच्या लेखांना सारांशच नाही. सारांश नसला की यंत्र लेख घेत नाही."

बाबा सारांश लिहीतच नसत. संपादकाने मागितला, तर उत्तर पाठवीत — "लेख वाचा." त्या बाणेदारपणापायी माणूस शास्त्रातून नामशेष! यंत्राच्या मते आमच्या शास्त्राचा जन्म साधारण माझ्या नेमणुकीच्या सुमारास झाला. असला बहुमान शत्रूलाही न लाभो.

९ जून

झोप नाही. चीड आहे, पण कोणावर, हे निश्चित होत नाही.

गावाबाहेर एक तळे होते. बाबा तरुणपणी तिथल्या कोळ्यांबरोबर होडीत बसत. किती मासे धरले म्हणजे पुढच्या वर्षी तितकेच मिळतील, हे त्यांनी गणिताने काढले. कोळ्यांनी विणीच्या दिवसांत जाळी गुंडाळून ठेवली. अर्थशास्त्रज्ञाचे कोणी ऐकले, असा आमच्या इतिहासातील हा एकमेव ज्ञात प्रसंग.

मग अस्मादिक अवतरले. नवी पद्धत, नवे बूट. मी दारोदार जाऊन विचारले, "हे तळे टिकावे म्हणून आपण किती पैसे द्याल?" एक बाई म्हणाली, "विकायला काढलंय का?" मी हसलो. लेख छापून आला, बढती मिळाली. पुढे तळे खरोखरच बुजवले. तिथे आज चारमजली वाहनतळ आहे.

बालबृहस्पती उपग्रहाच्या छायाचित्रांवरून मोजतो, की तळे गेल्यावर भोवतालचे तापमान किती चढले. उत्कृष्ट लेख. पारितोषिकपात्र.

एकाने तळ्यातले मासे मोजले, दुसऱ्याने तळ्याचा भाव विचारला, तिसरा तळ्याचा अभाव मोजतो. झाली वाटचाल! संशोधन उत्तरोत्तर सूक्ष्म होत गेले आणि पाणी आटत गेले. शिसारी येते — आणि त्या शिसारीत मी मधोमध बसलो आहे, ओल्या मेजापाशी.

१२ जून

ठिबकत्या एसीविषयी विभागाची बैठक! सकाळी घरी बाबांना विचारले होते. ते म्हणाले, "ज्याचं पाणी त्याच्यावर दंड बसवा. इतकं शिकवलं, वाया गेलं?" मी बैठकीत सुचवले, कोरड्या मेजासाठी मी किती मोजायला तयार आहे, हे आधी ठरवू. बालबृहस्पतीचे डोळे चमकले — "सर, काही खोल्यांत गळतंय, काहींत नाही. तुलनेला काय सुंदर संधी आहे! इतक्यात दुरुस्त नको करूया."

मेकॅनिकला बोलवावे, हे एकालाही सुचले नाही. शिपायाने बादली आणून ठेवली.

१६ जून

बाबांवर एक परिच्छेद लिहून बालबृहस्पतीपुढे आदळला. "मोजणी गेली खड्ड्यात. हा छापायचा!"

"छापू ना, सर. मलाही वाटतंच होतं. हाताने घालू."

इतक्या सहज? माझा आवेश फुकट गेला.

२ जुलै

बाबा रोज विचारतात, "जावईबापू, कुठवर आलं आमचं पुराण?" हसतात, पण विचारतात.

२६ जुलै

ग्रंथ आला. गुळगुळीत कागद, वर्तुळे सप्तरंगी. परिच्छेद — नाही! सबंध प्रकरण पालथे घातले. नाही!

बालबृहस्पतीच्या खोलीत जाऊन आवाज चढवला. तो मान खाली घालून म्हणाला, "सर, राहून गेलं." राहून गेलं! छत्री राहते, डबा राहतो. माणूस राहून जातो? मी म्हणालो, "मोठा होशील तू. पाठीचा कणा नसला की वर चढायला सोपं जातं." अंगाचा नुसता तिळपापड झाला आहे. या इमारतीत श्वास घेण्याचाही वीट आला.

२७ जुलै

सायंकाळी बाबा उशीला टेकून बसले. "वाच."

वाचले. विषयाच्या आरंभाशी आल्यावर ग्रंथातून नजर काढली आणि माझा परिच्छेद तोंडपाठ म्हटला — "जलाशयाच्या दानशीलतेस गणिताची मर्यादा घालून देणारे ते प्रथम द्रष्टे…" पानही उलटल्यासारखे केले. सौ. दारात उभी होती. ग्रंथ तिने दुपारीच चाळला होता. पदराने उगाच चष्मा पुसत राहिली.

बाबा म्हणाले, "हं."

२८ जुलै

सकाळी बाबांनी हाक मारली.

"कालचा तो तुकडा पुस्तकात नाही. तुझ्या त्या पोरानं छापायच्या आधी मला फोनवर वाचून दाखवला होता. मीच म्हटलं, काढ. तो नाही नाही म्हणत होता. शपथ घातली, सरांना सांगू नकोस म्हणून."

पण का?

"तळं बुजलं रे. मासे कसे टिकवायचे ते सांगणारा मी. आता नाव कशाच्या जिवावर छापायचं?"

आयुष्यात प्रथमच मला एकही समास सुचला नाही.

बाबाच म्हणाले, "पुन्हा म्हण. तुझं ते अवजड संस्कृत ऐकायला बरं वाटतं."

म्हटले.

मग क्षमा मागायला विभागात गेलो. बालबृहस्पती माझ्याच खोलीत होता — माझी बादली रिकामी करीत. मी तोंड उघडण्याआधीच म्हणाला, "सर, हिला तळाशी चीर गेलीय." वरून ठिबकतेच आहे. भांडारपाल म्हणतो, नवी बादली पुढच्या अंदाजपत्रकात.