पोवळ्याला चालतील असे मासे

४ फेब्रुवारी १९७३, रविवार
आजपासून नियमित रोजनिशी. संकल्प एकच: घरात समुद्र करायचा. लग्नात गुरम्माला समुद्र दाखवतो म्हणालो होतो, त्याला अकरा वर्षं झाली. रजा मिळत नाही. (मागितली नाही, पण मिळाली नसतीच.) हेडक्लार्क रावजींनी रामेश्वरहून आणलेलं पोवळं मला देऊन टाकलं. पांढरंशुभ्र, फांद्याफांद्यांचं. चार वर्षं त्यांच्या टेबलावर कागद दाबून होतं, म्हणून रंग उडालाय. खाऱ्या पाण्यात पडलं की उमलेल. मी सायन्सचा माणूस आहे. इंटर नापास, पण ते गणितामुळे.

८ फेब्रुवारी
काचेची टाकी आली. सात घागरी पाणी लागलं. दुष्काळ आहे, नळ तीन दिवसांनी येतो, मान्य. पण दुष्काळ काय एकट्या आपल्याला आहे? घागरी गुरम्माने भरून आणलेल्या. म्हणाली, दगडाला अंघोळ घालायला पाणी आणलं व्हय मी? पोवळ्याला दगड म्हणते. अज्ञान. रागावलो नाही. खडेमीठ टाकलं.

११ फेब्रुवारी
वाचनालयात इंग्लिश मासिक सापडलं, रंगीत फोटोंचं. महत्त्वाचा शोध: सगळेच मासे पोवळ्याला चालत नाहीत. पोपट मासा देखणा, पण पोवळं दातांनी कुरतडतो. कट. फुलपाखरू मासा पिवळाधमक, तोही खादाड. कट. जोकर मासा नारिंगी, पांढरे पट्टे, स्वभावाने गरीब. पास. निवड करताना स्वभाव बघावा, रूप नव्हे. गुरम्माला वाचून दाखवलं. म्हणाली, तुमच्या घरच्यांनी मला बघताना बी हेच बघितलं असंल. नीटसं कळलं नाही.

१९ फेब्रुवारी
शेजारच्या मथुराबाई विचारत होत्या, लिंगायताच्या घरात मासळी कशाला? खायची नाही, बघायची, असं समजावलं. पटलं नाही.
गुरम्मा अक्कलकोटला माहेरी गेली. पाणी बदलायला आणखी सात घागरी लागतील, एवढंच म्हणालो होतो. जाताना म्हणाली, आठ दिवसांनी न्यायला या, न्हाय आलात तर माझं मी बघीन. ठीक. निवडीला आठ दिवस निवांत मिळाले.

२७ फेब्रुवारी
आज न्यायला जायचं होतं. पण टाकीत मासे नसताना तिला आणण्यात अर्थ नाही. पुढच्या रविवारी नक्की. अक्कलकोट काय, हाकेच्या अंतरावर.

१८ मार्च
पोवळ्यावर हिरवी झाक! रंग येतोय! रावजी म्हणाले, शेवाळ आहे. जळतात.
गुरम्माला कार्ड टाकलं: पोवळं जिवंत होत आहे, सबब येता येत नाही.

८ एप्रिल, सकाळ
जोकर माशांसाठी मुंबईला लिहिलं होतं. उत्तर आलं, रेल्वेत टिकणार नाहीत. व्यापाऱ्यांना दृष्टीच नसते. बाजारात हुसेनसाबकडे गेलो. चार मासे, लाल-सोनेरी. म्हणाला, साब, बावडी के हैं, खारे में नक्को डालो. विचारलं, पोवळं खातात का? म्हणाला, पत्थर कौन खाता साब! म्हणजे पोवळ्याला चालणारे, इंग्लिशमध्ये कोरल-सेफ. घेतले.

दुपारी ४
चारही गेले. पोवळ्याला मात्र ओरखडासुद्धा नाही. निवड बरोबरच होती.

२२ एप्रिल
मेहुणा चन्नप्पा आला. एकटाच. आईला रामेश्वरला नेऊन आणलं म्हणाला, अक्का बी आली हुती. म्हणजे गुरम्मा. दोन तास गुडघाभर पाण्यात उभी हुती की, हाक मारली तरी येईना. लई रडली, मग लई हसली.
कधी येणार, विचारलं. त्याने चहा संपवला. मग म्हणाला, अक्का बालवाडीत कामाला लागलीय, न्यायला येऊ नगा म्हनलीय. आणि अक्काचा एक निरोप. तसली पोवळी तितं ढिगानं इकायला असत्यात. मेलेली, वाळलेली. बायका टाचा घासायला घेत्यात. घागरी आता तुमीच आणताय, टाचा फुटल्या असतील, तवा पोवळं जपून ठेवा.
मी हसलो. तो गेल्यावर जेवलो नाही.

२९ एप्रिल
नळ आला. सात घागरी मीच आणल्या. टाकीत ओतल्या नाहीत.
माशांच्या पाच याद्या केल्या होत्या. आज फाडताना बघितल्या. गुरम्माला कुठला आवडेल, हे एकाही यादीत नाही. फार वाईट वाटलं.
संध्याकाळी पोवळं बाहेर काढून टाचा घासल्या. चांगलं घासतं.